तिथीची पाऊणपट : सांगलीकरांचे देवबाग-निवतीत चार दिवस

आधीच सांगतो, आम्ही नदीवाली माणसं. सांगलीत पाणी म्हणजे कृष्णा आणि पाण्याचं माप म्हणजे आयर्विन पूल. ४० फूट झालं की इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला ५७ च्या वर गेलं तेव्हा आमच्या गल्लीत होडी आली होती. कोयनेतून किती क्युसेक सोडलं एवढं कळलं की आपल्या दारात कधी काय येणार हे पानटपरीवाला पण सांगतो. त्यामुळं पाण्यातलं आपल्याला कळतं असा आमच्या चौघांचाही समज होता. तो कसा गेला ते लिहितो.

चौघं म्हणजे मी, आमचे दाजी, दाजींचा पोरगा म्हणजे माझा भाचा, आणि मास्तर. दाजींची पलूसकडं नदीकाठाला द्राक्षबाग आहे, तरुणपणी कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यतीत वल्हं मारलेला माणूस, अजून दंड बघायला सांगतात. मास्तर रिटायर, भूगोल शिकवायचे. भाचा इंजिनिअरिंगला, त्याचा फोन हा सहावा अवयव. दाजींची बाग फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात उतरली, व्यापाऱ्यानं पैसे पण दिले (हे दरवर्षी होत नाही), आणि दाजी म्हणाले चला आता कुठंतरी, पण नुसतं समुद्रात पाय बुडवून यायचं नाही, बोटीनं फिरायचं, गावं बघायची. मालवणच्या खाली देवबागला एक होमस्टे ओळखीतनं मिळाला आणि त्यांच्याच शेजारचा बोटवाला. शुक्रवार ते सोमवार.

शुक्रवार

प्रवासाचं फार लिहीत नाही. सांगली, कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूरचं जंगल, फोंडा घाट, कणकवली, कसाल, मालवण. गवे दिसले नाहीत, गव्यांचे बोर्ड दिसले. दाजींनी द्राक्षाच्या तीन पेट्या घेतल्या होत्या, "लोकाच्या गावाला रिकाम्या हातानं जाऊ नये", त्यामुळं भाच्याला मांडीवर एक पेटी घेऊनच यावं लागलं. वाटेत भाकरी, शेंगाची चटणी, खर्डा, आणि भडंग तर काय सांगलीच्या गाडीत असतंच.

देवबाग म्हणजे मला वाटलेलं नेहमीचं बीचचं गाव असेल. तसं नाही. तारकर्ली ओलांडली की जमीन निमुळती होत जाते, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला कर्ली नदीची खाडी, मधे वाळूची एक पट्टी, तिच्यावर माडांच्या बागा आणि घरं. काही ठिकाणी रस्त्यावर उभं राहिलं की एका कानात समुद्राची गाज आणि दुसऱ्या बाजूला खाडीचं गप्प पाणी. पट्टी संपते तिथं खाडी समुद्राला मिळते, त्याला संगम म्हणतात. संगम म्हटल्यावर आम्हाला हरिपूर आठवलं, कृष्णा-वारणा. पण हरिपूरला दोन्ही पाणी एकाच दिशेनं पुढं जातात, हा संगम वेगळाच आहे हे दुसऱ्या दिवशी कळलं.

समुद्राच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी दगडांचे बंधारे घातलेत. समुद्र आत येतोय, पावसाळ्यात पुळण खाऊन जातो. पुळण म्हणजे वाळूचा किनारा, हा शब्द मला फार आवडला, बीच-बीच करण्यापेक्षा.

संध्याकाळी बोटवाले आले. साठीचे असतील, लुंगी, टीशर्ट, पायाला वाळू. नाव लिहीत नाही, आम्ही त्यांना तांडेलकाका म्हणायला लागलो, मोठ्या मच्छीमार बोटीवर बरीच वर्षं तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख होते म्हणून. दाजींनी विचारलं, उद्या किती वाजता निघायचं, सहाला? साडेसहाला? काकांनी उत्तर द्यायच्या आधी विचारलं, "आज तिथी काय?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं. मास्तर म्हणाले, द्वितीया, वद्य द्वितीया, रविवारी संकष्टी आहे माझी.

मग काकांनी जे सांगितलं ते नीट लिहितो, कारण सगळी ट्रिप त्याच्यावर चालली. तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तेवढ्या वाजता भरती पूर्ण. द्वितीया म्हणजे दोनाची पाऊणपट दीड, दुपारी दीडला भरती आणि रात्री साधारण तेवढ्यालाच परत. मधे सहा सहा तासांनी ओहोटी. उद्या तृतीया, सव्वादोन, म्हणजे सकाळी सव्वाआठला पाणी तळाला. पुनवेनंतर परत एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो पण घड्याळापेक्षा हे बरं. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे तेव्हा पाणी फार चढत पण नाही आणि फार उतरत पण नाही.

मास्तर खूष. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरती पण तेवढीच पुढं सरकते, आणि ह्यांनी ते पाऊण तासात बसवलंय, असं म्हणून त्यांनी वहीच काढली. तीस वर्षं पोरांना भरती-ओहोटी शिकवली, प्रश्नपत्रिकेत कारणे द्या मध्ये विचारली, पण आज किती वाजता भरती हे मला कधी सांगता आलं नसतं, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं.

दाजी मात्र म्हणाले, पाणी ते पाणी. आपण सकाळी लवकर जाऊ, पक्षी दिसतात.

रात्री बांगड्याची तिरफळ घातलेली आमटी आणि उकड्या तांदळाचा भात. तिरफळाचा वास पहिल्यांदा नाकाला औषधासारखा येतो, दुसऱ्या घासाला सवय होते, तिसऱ्याला आपण वाटी पुढं करतो.

शनिवार

पावणेसातला खाडीच्या बाजूनं निघालो. फायबरची बोट, मागं इंजिन, वर ताडपत्रीचं छप्पर, सगळ्यांना लाइफ जॅकेट. खाडीवर धुकं होतं, वारा जमिनीकडून समुद्राकडं, थंड. मास्तरांनी लगेच सांगितलं, मतलई वारे. दुपारनंतर उलटे होतात, खारे वारे. पुस्तकातला शब्द अंगावर येऊन काटा आणतो ही गंमतच आहे.

खाडीत मुखाजवळ वाळूचं एक बेट आहे, त्याला सुनामी आयलंड म्हणतात. २००४ च्या सुनामीनंतर हे वर आलं असं तिथं सगळे सांगतात. दुपारी तिथं जत्रा असते म्हणे, वॉटर स्पोर्ट्स, कांदाभजी, मॅगी. आम्ही गेलो तेव्हा कुरव पक्ष्यांशिवाय कोणी नव्हतं, दोनेकशे कुरव एकाच दिशेला तोंड करून, पीटीच्या तासासारखे.

आणि इथं दाजींनी काकांकडं इंजिनाचा दांडा मागितला. थोडा वेळ द्या की, आम्ही पण नदीकाठची माणसं आहे. काकांनी दिला. भाचा म्हणाला, पप्पा त्या पक्ष्यांच्या जवळ घ्या, रील काढतो. काका म्हणाले, "दाजीनू, थय नको हां, थय पाणी कमी आसा." (आम्ही दाजी दाजी म्हणत होतो म्हणून त्यांनी पण दाजीच धरलं, शेवटच्या दिवसापर्यंत अर्ध्या देवबागचे ते दाजी झाले होते.) दाजी म्हणाले, दिसतंय की पाणी. दिसत होतं, पण किती खोल ते दिसत नव्हतं. आधी खालून सर्रर्र असा आवाज आला, मग बोट थांबली, आणि पुढं उभा राहून शूटिंग करणारा भाचा थांबला नाही. तो कठड्याला धरून वाचला, फोन गेला.

घड्याळात साडेसात. पाणी गुडघ्याएवढं. खाली उतरून ढकलायचा प्रयत्न केला, बांबूनं रेटलं, दाजींनी तर खांदा लावला. बोट एक वीत सरकली आणि तेवढ्यात पाणी दोन वीत उतरलं. काका बोटीत बसून तंबाखू मळत होते. म्हणाले, "आता रवा. पाण्याक बोलवूक जावचा लागणा नाय, ता आपसूक येतला."

मास्तरांनी वही काढली. सव्वाआठला तळ, साडेसातला अडकलो, म्हणजे पाऊण तास पाणी अजून उतरणार, आणि जेवढा वेळ उतरायला लागला तेवढाच परत चढायला, म्हणजे नऊ. काकांना विचारलं, काका किती वाजता सुटू? काकांनी आजूबाजूला बघितलं आणि म्हणाले, नऊ वाजतील. मास्तरांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते त्यांच्या रिटायरमेंटच्या सत्काराला पण नव्हतं.

आणि खरं सांगू, तो दीड तास सगळ्या ट्रिपमधला सगळ्यात भारी. पाणी उतरत गेलं आणि वाळूवर एकेक गोष्ट उघडी पडायला लागली. बारीक खेकडे बिळातनं वाळूच्या गोळ्या बाहेर टाकत होते, अगदी रांगोळी. शंखातले किडे फिरलेल्या रेघा. एक आज्जी आणि दोन बायका पलीकडून पाण्यातनंच चालत आल्या, कमरेला पिशवी, आणि वाकून वाळूत हात घालून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचायला लागल्या. त्यांना आमची बोट वाळूत बघून काही वाटलं नाही, पर्यटक अडकतातच असा चेहरा. एकीनं विचारलं, "खयसून इलास?" सांगलीहून म्हटल्यावर हसली आणि परत वाकली. त्यांची वेळ ठरलेली, पाणी तळाला असतं तेवढाच वेळ हा धंदा, उद्या पाऊण तास पुढं. आमच्या डोळ्यासमोर मोकळी वाळू होती, त्यांचं ते वावर होतं.

भाच्याचा फोन सापडला. पाणी उतरल्यावर बोटीपासून चार हातावर, अर्धा वाळूत, त्याच्यावर एक खेकडा. फोन मेलेला. होमस्टेच्या काकूंनी नंतर तो उकड्या तांदळाच्या डब्यात घालून ठेवला. भाचा दोन दिवस त्या डब्याकडं आयसीयूकडं बघावं तसं बघत होता, पण त्यानंतर त्यानं समुद्राकडं बघितलं हे पण खरं.

नऊला पाच कमी असताना बोट हलली. कोणी हात लावला नाही.

मग काकांनी दाजींच्या हातात वल्हं दिलं. इंजिन बंद. म्हणाले, मारा जरा, मुखाकडं न्या. दाजींनी बाह्या सारल्या, बसण्याची ऐट अगदी शर्यतीतली, आणि हाणायला सुरुवात केली. दहा वल्ही, पंधरा वल्ही, घाम आला. समोर काठावर एक वाकडा माड होता. पंधरा वल्ह्यांनंतर आम्ही त्या माडाच्या मागं होतो. पाणी समुद्राकडून आत यायला लागलं होतं ना, नदी उलटी वाहत होती. दाजी थांबले, पाण्याकडं बघितलं आणि एकच वाक्य बोलले, "आयला, हिला दोन तोंडं हाईत."

त्याच भरतीवर बसून मग आम्ही खाडीत वर गेलो, वालावलच्या बाजूला, इंजिन हळू ठेवून. दोन्ही काठाला कांदळवन, त्याच्या मागं माड, मधेच एखादं कौलारू घर आणि त्याची स्वतःची चार दगडांची पायरी पाण्यात उतरलेली, पायरीला छोटी होडी बांधलेली, आपल्याकडं दारात मोटरसायकल लावतात तशी. ब्राह्मणी घार, खंड्या, बगळे. वाळू काढणाऱ्या होड्या पण दिसल्या, माणसं पाण्यात बुडी मारून बादलीनं वाळू काढतात. वाळूचा विषय निघाल्यावर आम्ही चौघं गप्प बसलो, नदीकाठच्या माणसाला वाळूबद्दल काही सांगायला लागत नाही.

दुपारी घरी. तिसऱ्यांचं सुकं, वडे, सोलकढी. झोप.

रविवार

आज समुद्र. खाडीच्या मुखातून बाहेर, भोगवे, तिथून किल्ले निवती, आणि परत. आणि मास्तरांची संकष्टी.

दाजींनी आज वेळ विचारली नाही, सांगितली. चतुर्थी, चाराची पाऊणपट तीन, म्हणजे ओहोटी नऊला. मग आपण सातला निघू, वारा पडलेला असतो. काकांनी मान हलवली. "धा वाजल्याशिवाय मी होडी भायर काढूचंय नाय."

कारण असं. मुखावर वाळूचा उंचवटा आहे. ओहोटीला खाडीचं पाणी जोरानं बाहेर पडत असतं आणि समोरून समुद्राच्या लाटा येत असतात, दोघांची टक्कर त्या उंचवट्यावर होते, पाणी उथळ, लाटा उभ्या राहून फुटतात. लहान बोट तिथं आडवी झाली की संपलं. भरती लागली की दोघांची दिशा एक होते आणि लाट बसते. पण उशीर केला तर दुपारी खारा वारा सुटतो आणि परत येताना त्रास. म्हणजे सकाळी वारा चांगला तेव्हा पाणी वाईट, दुपारी पाणी चांगलं तेव्हा वारा वाईट. दोघांच्या मधली फट शोधायची, आजची फट दहाची. आम्ही नऊला मुखाशी जाऊन बघितलं, पांढऱ्या लाटांची एक भिंत होती. दहाला त्याच जागी नुसत्या पाठी वर-खाली होत होत्या, म्हशी पोहाव्यात तशा.

त्या पाठींवरून बाहेर पडताना पोटात जे होतं ते नदीत होत नाही, महापुरात पण नाही. दाजींनी दोन्ही हातांनी फळी धरली होती. मुख ओलांडलं आणि एकदम मोकळं. डावीकडं भोगव्याची पुळण, लांबच लांब, मागं हिरवा डोंगर, आणि एवढ्या लांबून बघितलं तर तिच्यावर माणसं म्हणजे जिरं पडल्यासारखी. किनारा समुद्रातून बघणं हे वेगळंच आहे. काठावरून आपल्याला फक्त समुद्र दिसतो, इकडून बघितलं की कळतं कुठं खडक, कुठं वाळू, कुठं ओढा येऊन मिळतो, आणि गाव नेमकं तिथंच का बसलंय. खडकाच्या टोकानं वारा अडतो त्याच्या कुशीत होड्या, होड्यांच्या मागं घरं, प्रत्येक गावाचं गणित तेच.

डॉल्फिन दिसले. तीन-चार, करड्या पाठी, उड्याबिड्या काही मारत नाहीत, नुसतं वर येऊन श्वास घेऊन खाली. आजूबाजूला सहा-सात टुरिस्ट बोटी त्यांच्या मागं धावत होत्या. काकांनी इंजिन बंद करून बोट नुसती सोडून दिली. बाकीच्या बोटी पुढं गेल्या आणि दोन पाठी आमच्या मागंच वर आल्या. भाच्याकडं फोन नव्हता. म्हणजे याचा पुरावा नाही, विश्वास ठेवा.

निवतीच्या टोकाला खडक आहेत, दुपारच्या उन्हात पिवळेधमक दिसतात, गोल्डन रॉक म्हणतात. लांब क्षितिजावर वेंगुर्ला रॉक्सचं दीपगृह, काडीएवढं. तिथल्या बेटांवरच्या गुहेत पाकोळ्या घरटी करतात, लाळेची घरटी, त्यांची चोरी व्हायची म्हणून प्रकरण गाजलेलं. तिकडं काही आमची बोट जाणार नव्हती. वर निवतीचा किल्ला, जांभ्याचा, बुरूज ढासळलेले, पण माथ्यावरून दोन्ही बाजूच्या पुळणी दिसतात, तेवढ्यासाठी चढावं. मास्तर उपाशीपोटी आमच्या आधी वर.

निवती गावात तासभर होतो. वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, काहींना बाजूला लाकडाची उलांडी लावलेली, म्हणजे होडी कलंडू नये म्हणून आडव्या दांड्यांवर बांधलेला ओंडका. माडाच्या सावलीत चारजण जाळं दुरुस्त करत बसलेले, जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून, हात चालू आणि तोंड त्याहून चालू. बाजूला जाळीवर बांगडे वाळत घातलेले, पोट चिरून मीठ भरून, आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी. वास म्हणाल तर आमच्या शनिवारच्या बाजारातल्या सुक्या मासळीच्या ओळीचा, तोच, फक्त इथं तो ताजा होता.

वाळवण हलवणाऱ्या एका मावशींनी विचारलं कुठले. सांगली म्हटल्यावर हात थांबला. "सांगली म्हणजे मिरजेच्या बाजूक? माझ्या घोवाचा (नवऱ्याचं) आपरेशन मिरजेक झाला. महिनोभर रवलंव थय." मग काय, बसायला पाट आले. रेल्वे स्टेशनची बाजू, दवाखान्यासमोरची खानावळ, तिथली ज्वारीची भाकरी त्यांना सुरुवातीला गिळत नव्हती, खोलीच्या मालकिणीनं शेवटी तांदूळ आणून दिले, सगळं त्यांना आठवत होतं. अख्ख्या कोकणातनं माणसं मिरजेला उपचाराला येतात हे आम्हाला माहीत होतं, पण मिरज ही कुणाच्या तरी आठवणीत लांबचं गाव असते हे कधी डोक्यात आलं नव्हतं. दाजींनी बोटीतनं द्राक्षाची पेटी आणली. आख्खी. मावशी नको नको म्हणाल्या, मग पेटी रिकामी करून घेतली आणि तीच पेटी सुक्या बांगड्यांनी भरून परत दिली. मास्तरांना संकष्टी म्हटल्यावर केळी आणि शहाळं. मास्तर बांगड्यांच्या वाळवणाच्या मधोमध बसून अथर्वशीर्ष पुटपुटत केळं खात होते, हा फोटो कोणाकडंच नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

परतीचं थोडक्यात सांगतो, कारण दाजींनी तशी विनंती केलीय. दोनला निघालो, वायव्येचा वारा समोरून, प्रत्येक लाटेला बोट आपटायची आणि बादलीभर पाणी अंगावर. दाजींनी लिंबू चाटलं, आवळासुपारी खाल्ली, डोळे मिटले, काही उपयोग झाला नाही. तीनच्या आत मुखाशी पोचलो, पाणी पूर्ण भरलेलं, जिथं सकाळी भिंत होती तिथून आम्ही कधी आत आलो ते कळलं पण नाही. दाजी उतरल्यावर अर्धा तास वाळूवर आडवे. काका म्हणाले, होता असा, पहिल्या वर्षी मी पण.

रात्रीची गंमत. चंद्रोदयाला मास्तर समुद्राच्या पुळणीवर जाऊन बसले, ताम्हन, फूल, सगळं घेऊन. नऊ वाजले, सव्वानऊ, चंद्र काही दिसेना. भूगोलाचे मास्तर! समुद्र पश्चिमेला. काकूंनी हाक मारली, अहो मास्तर, चंद्र खाडीत वर येतो आमच्याकडं. धावत रस्ता ओलांडून आम्ही घराच्या मागं खाडीवर गेलो तर पलीकडच्या माडांच्या वर वीतभर आलेला, तांबूस, आणि त्याची पट्टी थेट आमच्या पायापर्यंत. काकूंचीही संकष्टीच होती, त्यामुळं मोदक. आम्हा तिघांना नंतर सुरमई पण मिळाली. दाजींनी फक्त सोलकढी घेतली.

सोमवार

पहाटे साडेपाचला काकांनी उठवलं, रापण लागतेय, चला. हे मला बघायचंच होतं.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. जाळ्याच्या दोरीचं एक टोक किनाऱ्यावर ठेवतात, होडी जाळं सोडत सोडत समुद्रात अर्धगोल मारते आणि लांब दुसऱ्या टोकाला किनाऱ्याला येते. मग दोन्ही टोकांना माणसांच्या दोन रांगा, आणि ओढायचं. कमरेला पट्टा, तो दोरीला अडकवून उलटं चालत मागं जायचं, मागं पोचला की सोडवून परत पुढं पाण्यात. हळूहळू दोन्ही रांगा एकमेकांकडं सरकत येतात. आम्ही लांबून बघत होतो तर एकजण ओरडला, "हात लावा, नुसते उभे रवा नकात." लावला. वीस मिनिटांत हाताची साल निघाली. दाजी कालच्या अपमानाचा बदला घेतल्यासारखे ओढत होते, आणि त्या रांगेत ते खरंच शोभत होते, इथं त्यांच्या दंडाला काम मिळालं.

सव्वा-दीड तास गेला असेल. मधला झोळा जवळ आला तसं पाणी शिजल्यासारखं दिसायला लागलं. तारली, पेडवे, थोडे बांगडे, काही मुडदुशे, चार खेकडे, जेलीफिश भरपूर, आणि प्लास्टिकच्या पिशव्या, एक चप्पल. मासे बघून आम्ही ओरडलो, ते कोणी ओरडले नाहीत. कमी आहे, एकजण म्हणाला. मग वाटे. जाळ्याचा आणि होडीचा वेगळा, उरलेल्यात ओढणाऱ्यांचे, पोरांनाही मूठमूठ, आणि आम्हा चौघांना मिळून एक पिशवी. नको म्हटलं तर रागावले, ओढलात ना.

तिथल्या म्हाताऱ्या रापणकरांशी वाळूवर बसून बोललो. त्यांचं दुखणं बाहेरच्या मोठ्या बोटींचं. पर्ससीन, म्हणजे माशांच्या अख्ख्या थव्याला वेढा घालणाऱ्या जाळ्यांवर २०१६ पासून राज्यात बंधनं आहेत, रात्री एलईडीचे दिवे लावून मासे गोळा करायला २०१७ पासून बंदी आहे, तरी रात्री क्षितिजावर उजेड दिसतो म्हणाले. आम्ही कडेला जाळं टाकतो, मासा कडेला येईपर्यंत तिकडंच संपतो. पावसाळ्यात जून-जुलै दोन महिने बंदी असते ती आम्ही पाळतो, मासा तेव्हा अंडी घालतो हे आम्हाला कोणी शिकवायला नको. दाजी ऐकत होते. मग त्यांनी द्राक्षाचं सांगितलं, छाटणीनंतर पाऊस आला की काय होतं, दलाल काय करतो. दोघांचं चांगलं जमलं, एकाला दुसऱ्याची निम्मी भाषा कळत नव्हती तरी.

पिशवी घेऊन ऐटीत घरी आलो. काकूंनी बघितलं आणि म्हणाल्या, अरे देवा, आज सोमवार, आज आमच्याकडं मासे शिजत नाहीत. जन्मात पहिल्यांदा स्वतः ओढलेले मासे आणि सोमवार! शेवटी बर्फ घालून ती पिशवी मालवणला एका खानावळीत नेली, त्यांनी तळून दिले, पैसे फक्त तेलमसाल्याचे घेतले. तारलीत काटे लय. पण मी एक पण सोडली नाही.

मालवणला आलोच होतो तर सिंधुदुर्ग. १६६४ ला सुरू केला, १६६७ ला पुरा, हे सगळं आपण शाळेत शिकलोय त्यामुळं लिहीत नाही. फक्त दोन गोष्टी. एक, दरवाजा खरंच समोर जाईपर्यंत दिसत नाही, दोन बुरुजांच्या वळणात लपवलाय, आणि ज्यानं काल मुखावरची लाट बघितलीय त्याला कळतं की शत्रूच्या होडीला इथं वळण घेताना काय होत असेल. दुसरं म्हणजे आत गोड्या पाण्याच्या विहिरी, दूध, दही, साखर, चारी बाजूला खारं पाणी असताना. मास्तर प्रत्येक विहिरीत वाकून बघून आले.

साडेतीनला निघालो. पंचमी, पावणेचार, मालवणच्या बंदरात पाणी धक्क्याला वरपर्यंत भरलेलं होतं. आम्ही चौघांनी पण ते एकाच वेळी बघितलं आणि कोणी काही बोललं नाही.

गाडीत निवतीच्या बांगड्यांची पेटी होती. फोंडा घाट चढेपर्यंत ठीक होतं. राधानगरीला भाच्यानं काच उघडली, कोल्हापूरला सगळ्यांनीच उघडल्या. सांगलीत पोचायला रात्रीचे नऊ, आणि आमच्या घरात ती पेटी अजून गच्चीवर आहे, आत आणायची परवानगी नाही. बांगडे मात्र भाजून भाकरीबरोबर रोज एक संपतोय, त्याला कोणाची हरकत नाही. भाच्याचा फोन गेला तो गेलाच, तांदूळ मात्र काकूंनी धुऊन शिजवले असतील.

गुरुवारी संध्याकाळी दाजींचा फोन आला. मागं मोटरीचा आवाज. म्हणाले, लाइट आत्ता आली, बागेत पाणी सोडायला आलोय, पाय चिखलात आहेत. मग म्हटलं, काय काम काढलं दाजी? तर म्हणाले, "काम काय नाय. आज अष्टमी. सहा वाजलेत बघ, देवबागला भरली असंल."